जयपूरहून साता समुद्रापार : घर ते घर वेळेचा हिशोब

जयपूर ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर किती, असे मोबाइलला विचारले की क्षणात उत्तर येते: साधारण १२,६०० किलोमीटर. आकडा बरोबर आहे. पण त्याच्या भरवशावर तिकीट काढायला बसलात तर फसगत ठरलेली, कारण त्या १२,६०० किलोमीटरच्या रेषेवरून एकही प्रवासी विमान जात नाही. जयपूरहून तिथे थेट जाणारे विमान नाही, आणि दिल्लीहून जे जाते तेही ही रेषा धरून उडत नाही.

आमच्या जयपूरच्या विद्याधर नगरातल्या मराठी घरांत हा प्रश्न नेहमीचा आहे. मुलगी किंवा मुलगा कॅलिफोर्नियात, नाहीतर लंडनला. बाळंतपणासाठी आईला चार-सहा महिने जायचे असते, बाबा मागाहून येणार असतात, आणि तिकीट मुलांनी तिकडे बसून काढलेले असते. कागदावर ‘१६ तास’ लिहिलेले असते. प्रत्यक्षात दाराला कुलूप लावल्यापासून लेकीच्या दारात बॅग टेकवेपर्यंत २६ ते ३० तास जातात. हे वरचे दहा ते चौदा तास कुठे जातात ते आधीच समजून घेतले, तर त्यातले बरेचसे वाचवता येतात आणि उरलेले निदान सुखाने काढता येतात.

आधी रेषेबद्दल. घरात पृथ्वीचा गोल असेल तर जयपूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात अमेरिकेचा रस्ता युरोप आणि अटलांटिकवरून जातो असे वाटते. दोरा मात्र हिमालय ओलांडून चीनच्या पश्चिम टोकावरून सायबेरियात, तिथून उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरून अलास्काकडे उतरतो. दोन शहरांमधले ‘हवाई अंतर’ म्हणून जो आकडा मिळतो तो या दोऱ्याचा. एकक तेवढे नीट बघून घ्या. तेच अंतर साध्या मैलांत ७,८३० भरते आणि वैमानिकांच्या सागरी मैलांत ६,८०० च्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, साधा मैल १.६०९. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा घोळ इथेच असतो.

विमाने दोरा का सोडतात? एक कारण डोंगर. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान झटपट दहा हजार फुटांच्या आसपास खाली आणावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटेच पुरतो. तिबेटवर इतके खाली यायला जागाच नाही, जमीनच त्याहून उंच आहे. दुसरे कारण वारा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० किलोमीटरवर गेले, म्हणजे १,४०० किलोमीटर वाढले. वेळ मात्र जवळपास दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला, कारण त्या वाटेवर वारा पाठीशी होता. अंतर वाढून वेळ कमी, हे एकदा मनात पक्के बसले की किलोमीटरचे ओझे निम्मे उतरते.

तिसरे कारण राजकारण, आणि जयपूरकरांना ते सर्वांत जवळचे. राजस्थानची पश्चिम सीमा म्हणजेच पाकिस्तानची पूर्व सीमा. जयपूर ते दुबई ही २,०५० किलोमीटरची सरळ रेषा सिंध आणि मकरानवरून जाते. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने हवाई हद्द बंद ठेवली होती. पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून ती भारतीय विमान कंपन्यांना बंद झाली. दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या भारतीय विमानांना गुजरात आणि अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला, आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. त्याच वेळी परदेशी कंपन्यांची विमाने जुन्याच वाटेने उडत होती. २०२२ पासून रशियाच्या आकाशाचे नेमके उलटे झाले आहे: अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना ते बंद, एअर इंडियाला खुले. म्हणजे त्याच दोन शहरांमधला प्रवास कोणत्या देशाच्या कंपनीने करता यावरही दोन-दोन तासांचा फरक पडतो. गेल्या वर्षी भाऊजी किती तासांत पोहोचले, हे म्हणूनच यंदाच्या प्रवासाला प्रमाण धरता येत नाही. तिकीट काढण्यापूर्वी फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी त्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या आठवड्यात ते प्रत्यक्षात किती वाजता सुटले, किती वाजता उतरले ते बघा. जाहिरातीतल्या वेळेपेक्षा हा आठवड्याचा इतिहास जास्त खरा.

ढोबळ अंदाज मात्र बोटांवर करता येतो. अंतराच्या किलोमीटरना ८०० ने भागा आणि वर पाऊण तास घाला. जेट विमान उंचावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जाते, पण धावपट्टीपर्यंतचे रांगणे, चढण, उतरण आणि उतरण्यासाठी आकाशात घातलेल्या फेऱ्या यांत वेळ जातो. तो या हिशोबात बसतो. जयपूर–मुंबई ९१० किलोमीटर, म्हणजे पावणेदोन ते दोन तास. दिल्ली–लंडन ६,७०० किलोमीटर, नऊ तासांच्या थोडे वर. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,३८०, सव्वासोळा तास. वेळापत्रकातला आकडा यापेक्षा दीड-दोन तासांनी जास्त दिसला तर समजावे, की मध्ये वळसा आहे, समोरून वारा आहे किंवा कुठेतरी थांबा आहे. थांब्यावरून आठवले: ‘डायरेक्ट’ लिहिलेले विमान वाटेत उतरू शकते, फक्त त्याचा क्रमांक बदलत नाही. न उतरता जाणारे हवे असेल तर ‘नॉनस्टॉप’ हा शब्द शोधा.

जाण्या-येण्याच्या वेळा सारख्या नसतात हेही लक्षात असू द्या. आपल्या उत्तर भारतावरून हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान झोत वाहतो. त्यामुळे लंडनला जाताना लागलेल्या वेळेपेक्षा परतताना तासभर सहज कमी लागतो.

आता मुख्य मुद्दा, आणि तो विमानाचा नाहीच.

विद्याधर नगर जयपूरच्या उत्तर अंगाला आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंहांनी वसवलेल्या जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्यांचे नाव या उपनगराला दिले, आणि त्याचा आराखडा १९८० च्या दशकात बाळकृष्ण दोशींनी केला. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या दोशींनी जुन्या जयपूरच्या चौकड्या डोळ्यांसमोर ठेवून हे उपनगर आखले. विमानतळ मात्र शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला, सांगानेरला. म्हणजे उत्तरेला दिल्लीकडे जायचे तर आधी दक्षिणेला वीसेक किलोमीटर जा: चौमू पुलिया, अंबाबाडी, कलेक्टरेट सर्कल, मग सी-स्कीम आणि टोंक रोड. पहाटे हा रस्ता पाऊण तासाचा असतो, संध्याकाळी सहाला सव्वा तासाचा. लग्नसराईत वरात आडवी आली तर विचारूच नका. जयपूरला टर्मिनलही दोन आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणे टर्मिनल एकवर नेली गेली. देशांतर्गत उड्डाणे जवाहर सर्कलजवळच्या टर्मिनल दोनवरून होत आली आहेत. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, तेव्हा टॅक्सी बोलावण्यापूर्वी तिकिटावरचा टर्मिनलचा आकडा वाचा.

हिशोब मांडून बघू. घरून विमानतळ एक तास. देशांतर्गत विमानाच्या दोन तास आधी हजर. जयपूर–दिल्ली उड्डाण २३० किलोमीटरचे, वेळापत्रकात तासभराचे. दिल्लीत उतरल्यावर पुढच्या विमानाला हातात निदान चार तास हवेतच. झाले आठ तास. पुढे सोळा तास आकाशात आणि तिकडे इमिग्रेशन, बॅगा, घरापर्यंतचा रस्ता मिळून दोन तास. एकूण २६. जयपूर–दिल्ली हा तुकडा अंतराच्या दोन टक्केही नाही, पण वेळेचा जवळपास तिसरा हिस्सा तोच खातो. तिकीट स्वस्त की महाग यावर घरात जेवढी चर्चा होते, तेवढी या तुकड्यावर व्हायला हवी.

विद्याधर नगरकरांना इथे एक सोय आहे जी मालवीय नगर किंवा प्रताप नगरच्या लोकांना तितकी नाही. आपण उत्तर टोकाला असल्यामुळे शहर न ओलांडता दिल्लीच्या महामार्गाला लागता येते. दिल्ली विमानतळ रस्त्याने सुमारे २६०-२७० किलोमीटर. पाच ते सहा तास धरा. त्यात साडेतीन तास आधी पोहोचण्याचे मिळवले तरी नऊ तास. विमानाने आठ, गाडीने नऊ! एका तासाच्या फरकासाठी दोनदा सुरक्षातपासणी, दोनदा रांग आणि देशांतर्गत विमानात सामानाच्या वजनाची वेगळी मर्यादा कशाला, असा माझा सरळ कौल आहे. ६५ च्या पुढचे आणि गुडघ्यांचे दुखणे असलेले प्रवासी असतील तर मात्र रेल्वे बघा. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली अजमेरची वंदे भारत जयपूरहून दिल्ली कॅन्टला जाते, आणि दिल्ली कॅन्ट स्टेशन विमानतळाच्या जवळ आहे. जयपूर जंक्शनही विद्याधर नगरपासून विमानतळाच्या मानाने हाकेच्या अंतरावर. गाडीत पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह असते, आणि धुक्याने वाहतूक मंदावली तरी जीव टांगणीला लागत नाही.

धुक्याचे गणित वेगळे मांडायला हवे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवर धुके उतरले की तिकडची विमाने जयपूरला वळवली जातात. आपल्याकडच्या लोकांना ते दृश्य पाठ आहे. त्याच वेळी जयपूर–दिल्लीची छोटी उड्डाणे रेंगाळतात किंवा रद्दच होतात. या दोन महिन्यांत पहाटेच्या जोडविमानावर अमेरिकेचे तिकीट अवलंबून ठेवू नका. आदल्या दुपारी दिल्ली गाठा. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे, नसतील तर विमानतळाजवळ एक रात्र मुक्काम करा. मुक्कामाचा खर्च चुकलेल्या विमानाच्या खर्चापुढे काहीच नाही.

आता घड्याळ. हे समजायला जयपूरइतके चांगले गाव नाही. जंतरमंतरमधले बृहत् सम्राट यंत्र बघितले आहे ना? २७ मीटर उंचीची ती तिरपी भिंत, तिची चढण जयपूरच्या अक्षांशाइतकी, आणि तिची सावली संगमरवरी कमानीवर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगणारी ही सावली तुमच्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, कारण यंत्र जयपूरची स्थानिक वेळ दाखवते आणि घड्याळ ८२.५ रेखांशाची. जयपूर ७५.८ रेखांशावर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून सरासरी २७ मिनिटांचा फरक. हाच हिशोब पुढे ताणा. जयपूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत १९८ अंश. पंधरा अंशांना एक तास, म्हणजे सव्वातेरा तासांच्या आसपास. प्रत्यक्षात घड्याळांचा फरक हिवाळ्यात साडेतेरा तासांचा.

हिवाळ्यात म्हटले, कारण उन्हाळ्यात तो साडेबारा होतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. ब्रिटनमध्ये मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. तिथला फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. आपण घड्याळाला हात लावत नाही, म्हणून तिकडची घड्याळे बदलली की पहिले दोन-तीन आठवडे फोनच्या वेळाही चुकतात आणि विमानतळावर घ्यायला येणाऱ्या जावयाचीही चुकते.

एक उदाहरण घ्या. तिकिटावर आहे: दिल्ली, १५ जानेवारी, पहाटे ३, सॅन फ्रान्सिस्को, १५ जानेवारी, सकाळी ६. कागदावर तीन तासांचा प्रवास. सकाळच्या ६ मध्ये साडेतेरा मिळवा, भारतातले संध्याकाळचे साडेसात झाले. पहाटे तीनपासून साडेसातपर्यंत साडेसोळा तास, हा खरा उड्डाणाचा वेळ. पोहोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणायची आणि मगच वजाबाकी करायची, एवढा एकच नियम. परतीला उलटे होते: सोमवारी सकाळी १० ला तिकडून निघालात तर त्या क्षणी इथे सोमवार रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि साडेपंधरा तासांनी दिल्लीत मंगळवार दुपारचे तीन.

त्याच तिकिटात आणखी एक खोच आहे. १५ तारखेच्या पहाटे तीनचे विमान म्हणजे घर सोडायचे १४ तारखेला, संध्याकाळ व्हायच्या आत. १४ जानेवारी म्हणजे संक्रांत. त्या दिवशी अख्खे जयपूर गच्चीवर असते, आकाश पतंगांनी भरलेले, रस्त्यावर मांजा आडवा. रिकामी टॅक्सी मिळणे कठीण, दुचाकीवर बॅग घेऊन निघणे तर धोक्याचे. तिळगूळ दुपारीच वाटून घ्या आणि गाडी आदल्या दिवशी ठरवून ठेवा. मध्यरात्र ते पहाट यांतले कोणतेही विमान असेल तर कॅलेंडरवर खूण आदल्या तारखेवर करा. लोक विमान चुकवतात ते बऱ्याचदा एका दिवसाने, तासाने नव्हे.

जयसिंहांना दूरच्या शहरांचे वावडे नव्हते. १७२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्यासोबत एक शिष्टमंडळ गोव्यामार्गे लिस्बनला पाठवले. युरोपातली नवी खगोलकोष्टके घेऊन ते परतले तेव्हा वर्षे उलटून गेली होती, आणि आपल्या वेधांशी ताडून बघताना जयसिंहांना त्या कोष्टकांत चुका सापडल्या. आज आपण चार तासांच्या लेओव्हरला कंटाळतो.

लेओव्हरचे सांगायचे तर सर्वांत महत्त्वाचे, पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. जयपूर–दिल्ली एका कंपनीचे, पुढचे दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन तिकिटे वेगवेगळी काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. तुम्ही ‘आलाच नाहीत’ अशी नोंद होते. एका पीएनआरवर असाल तर पुढच्या विमानात बसवून देणे त्यांचे काम. बॅगाही शेवटच्या विमानतळापर्यंत चिठ्ठी लावून जातात. एकच अपवाद ध्यानात ठेवा: अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे बॅगा घेऊन कस्टम्समधून जावे लागते, मग पुढचे विमान असो वा नसो. भारतात परततानाही तसेच. दिल्लीला उतरून पुढे जयपूरला यायचे असेल तर इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅगा, कस्टम्स आणि पुन्हा बॅगा देणे हे सगळे दिल्लीतच. दोन तासांची जोडणी कागदावर सुटसुटीत दिसते, प्रत्यक्षात धाप लावते. चार तास घ्या.

आखातातून जाण्याचा पर्याय याच कारणाने विचारात घ्यावा. जयपूर–दुबई २,०५० आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०४० मिळून १५,०९० किलोमीटर होतात, दोऱ्यापेक्षा सुमारे २,५०० जास्त. पण बदल एकच, बॅगा जयपूरलाच दिल्या की संपले, आणि परतीचे इमिग्रेशन थेट जयपुरात, घराजवळ. अबूधाबीला तर अमेरिकेचे इमिग्रेशन तिथल्या तिथेच होते, त्यामुळे तिकडे उतरल्यावर रांग नाही. एकट्याने जाणाऱ्या आईसाठी मला हा मार्ग दिल्लीपेक्षा बरा वाटतो. जून २०२५ मध्ये आखातातले आकाशही काही तास बंद झाले होते, तेव्हा निघायच्या आठवड्यात बातम्यांकडे लक्ष ठेवा.

मुंबईमार्गे जाणारे बरेच आहेत, पुण्या-ठाण्याच्या नातेवाइकांना भेटून पुढे निघता येते म्हणून. त्यांनी विमानतळाचा सांकेतिक शब्द वाचायला शिकावे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहारचा जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. जयपूरहून एनएमआयला उतरवणारे आणि बीओएमवरून परदेशी नेणारे तिकीट कुणी स्वस्तात जोडून दिले, तर मधला रस्ता मुंबईच्या वाहतुकीतून तुम्हालाच कापायचा आहे.

शेवटचे बोलणे परदेशातून आईबाबांचे तिकीट काढणाऱ्या मुलामुलींशी. ई-मेलने नुसते तिकीट पाठवू नका. एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत चार वेळा लिहून पाठवा, सगळ्या भारतीय घड्याळानुसार: घर सोडायचे कधी, कोणत्या टर्मिनलला कितीला पोहोचायचे, विमान कितीला सुटणार, आणि तुम्ही समोर दिसाल तेव्हा इथे किती वाजलेले असतील. तो कागद छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला सांगा, आणि त्याची एक प्रत शेजाऱ्यांकडेही असू द्या.